रिव्हर्स टाकला की डिझेलचा काटा उडतो: जुन्या ट्रकची अर्थिंग कशी शोधायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे आपण एकाच बिघाडाबद्दल बोलतोय हे नक्की होईल. ट्रक जुना आहे, १२ व्होल्टचा, डिझेलची टाकी चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, कडेला. दिवसा डिझेलचा काटा बऱ्यापैकी खरं दाखवतो, रात्री दिवे लावले की जास्त दाखवतो. रिव्हर्स गिअर टाकला की काटा थेट ‘फुल’कडे उडतो आणि मागचे रिव्हर्सचे दिवे नुसते मिणमिणतात, तेही कधी लागतात, कधी लागत नाहीत. बल्ब नवे घातले, टँक युनिटही (टाकीत बसून फ्लोटच्या, म्हणजे तरंगत्या गोळ्याच्या, आधारे डिझेलची पातळी गेजला कळवणारा भाग) नवं घातलं, तरी काही फरक नाही. आणि एका रात्री काटा पाव टाकी दाखवत असताना डिझेल संपून गाडी बंद पडली, वाटेत डिझेलच्या नळीतली एअर काढत बसावं लागलं. आता डॅशबोर्डमधलं गेज बदलू का, असं तुम्ही विचारलंय.

गेज बदलू नका. खरं तर अजून एकही पार्ट विकत आणू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांतच उत्तर आहे. रिव्हर्सच्या दिव्याचा आणि डिझेलच्या काट्याचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोघांचा पुरवठा वेगळा, काम वेगळं. तरी एकाला हात लावला की दुसरा हलतो. म्हणजे कुठेतरी दोघांची वाट एक होते आणि तीच वाट खराब आहे. जुन्या ट्रकमध्ये ही वाट बहुतेक वेळा परतीची असते, म्हणजे अर्थिंगची. ‘कधी लागतात, कधी लागत नाहीत’ हा मात्र वेगळा बिघाड दिसतो, तो गिअरबॉक्सवरच्या स्विचचा. त्याकडे नंतर येतो.

हे नेमकं कसं होतं ते समजून घ्या, कारण एकदा समजलं की पुढची तपासणी आपोआप सुचते. करंट बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघतो, फ्यूज, रिव्हर्स स्विच, बल्ब असा जातो आणि बल्बच्या होल्डरमधून चासीत उतरून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत येतो. २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून साधारण साडेतीन अँपिअर करंट घेतात. आता परतीच्या वाटेत गंजलेल्या बोल्टमुळे समजा ३ ओहमचा अडथळा आला. बल्ब तापलेले असताना दोघांचा मिळून रेझिस्टन्सही सुमारे साडेतीन ओहमच असतो. म्हणजे निम्मे किंवा निम्म्याहून जास्त व्होल्ट त्या बोल्टवरच खर्ची पडतात. बल्बला निम्मे व्होल्ट मिळाले तर प्रकाश निम्मा होत नाही, जेमतेम दहावा हिस्सा उरतो. फिलामेंटच्या बल्बचा हा स्वभावच आहे: व्होल्टेज १० टक्के घटलं तर प्रकाश ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणून तुमचे दिवे मिणमिणतात.

आता त्याच बोल्टवर टँक युनिटचीही अर्थिंग आहे असं धरा. मोरीचं तोंड तुंबलेलं असताना वर बादलीभर पाणी ओतलं की ते मोरीत चढतं. तसंच इथे दिव्यांच्या करंटमुळे त्या सामाईक बोल्टवर पाच-सहा व्होल्ट चढून बसतात. गेजला टाकीत डिझेल किती आहे हे थेट कळत नाही. आपल्या टर्मिनलपासून अर्थिंगपर्यंत किती अडथळा आहे, एवढंच त्याला कळतं. तुमच्या गेजमध्ये टाकी रिकामी असताना ओहम कमी आणि भरलेली असताना जास्त असणार. काटा ‘फुल’कडे उडतो यावरूनच ते कळतं. अर्थिंगवर व्होल्ट चढले की गेजला वाटतं अडथळा वाढला, म्हणजे टाकी भरली. रात्री टेललाइटचा करंट त्याच वाटेने परत येतो, म्हणून रात्री काटा जास्त दाखवतो. त्या रात्रीची पाव टाकी ही दिव्यांनी चढवलेली होती, डिझेल तळाला गेलेलं होतं.

खात्री करायची असेल तर हत्याराशिवाय होणारी एक चाचणी आहे. दिवसा, टेललाइट बंद ठेवून, किल्ली ऑन करा आणि एका बाजूचा इंडिकेटर लावा. इंडिकेटरच्या प्रत्येक उघडझापीबरोबर डिझेलचा काटा किंचित टिकटिकत असेल तर मागची अर्थिंग सामाईक आणि खराब आहे. ब्रेक दाबून पाहा, तेव्हाही काटा सरकेल. माझ्याकडे अशी तक्रार आली की मी बॉनेट उघडण्याआधी केबिनमध्ये बसून हेच करतो.

त्याआधी दोन मिनिटांचं एक काम: नव्या बल्बच्या बुडाशी कोरलेले आकडे वाचा. २४ व्होल्टचा बल्ब १२ व्होल्टच्या गाडीत चुकून बसला तर तोही असाच लालसर मिणमिणतो आणि माणूस अख्खं वायरिंग उसवत बसतो. दोन्ही बल्ब दिसायला सारखेच असतात आणि एकाच होल्डरमध्ये बसतात. तसंच कोणी रिव्हर्सला एलईडी लावली असेल तर तपासणीपुरता साधा २१ वॅटचा बल्ब परत लावा. एलईडी फार थोडा करंट घेते, त्यामुळे खराब अर्थिंगवरही ती छान लागते आणि बिघाड झाकला जातो. रात्री टेललाइट लागले की काटा पुन्हा खोटं बोलतोच.

आता मोजमाप. पुढच्या-मागच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद, किल्ली ऑन, रिव्हर्स गिअर टाकलेला. गाडीखाली जाताना इंजिन चालू ठेवू नका, कितीही घाई असली तरी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळ्या टोकाला लांब वायर जोडून ते बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा; क्लॅम्पला नाही, खांबालाच, म्हणजे क्लॅम्पचा सैलपणाही मोजमापात येईल. लाल टोक दिवा लागलेला असताना त्याच्या होल्डरच्या धातूला लावा. चांगल्या अर्थिंगवर इथे ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. तुमच्या गाडीत काही व्होल्ट दिसतील असा माझा अंदाज आहे. मग लाल टोक बॅटरीच्या दिशेने एकेक टप्पा सरकवत न्या: होल्डर, दिव्याचा ब्रॅकेट, अर्थिंगच्या वायरचं लग (टोकाची धातूची कडी), ज्या बोल्टवर ते लग आहे तो बोल्ट, बोल्टशेजारची घासून चकचकीत केलेली चासी, मग पुढे इंजिनचा ब्लॉक. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये आकडा एकदम खाली पडतो, बिघाड त्या दोन ठिकाणांच्या मध्ये आहे. अंदाज बांधायची गरजच उरत नाही.

हे सगळं दिवा लागलेला असतानाच मोजायचं, यावर माझा फार भर आहे. ओहम मोजून अर्थिंग ‘चांगली’ ठरवणाऱ्यांनी किती गाड्या परत पाठवल्यात ते मी पाहिलंय. ओहमवर ठेवलेला मल्टिमीटर अगदी नगण्य करंट सोडतो. वायरमधली एक तार जरी शाबूत असली तरी तो शून्याच्या जवळ आकडा दाखवतो आणि आपण पुढे जातो. त्याच एका तारेवर साडेतीन अँपिअरचा भार आला की ती हात टेकते.

अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती, तीन टँक युनिट बदलून झालेली. काटा पावसात जास्त दाखवायचा, कोरड्या दिवसात बरा असायचा. मीही पहिला दिवस टाकी आणि गेजमध्येच घालवला, कारण मागची अर्थिंग ओहमवर ०.३ दाखवत होती. दुसऱ्या दिवशी मागच्या क्रॉसमेंबरवरचा, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीवरचा, बोल्ट खोलला. लगची एक बाजू नाण्यासारखी लखलखीत होती आणि दुसरी कोळशासारखी काळी. म्हणजे ते अर्ध्याच भागाने टेकत होतं, बाकी अर्ध्याखाली चासीला नंतर मारलेला रंग होता. लगपासून चार बोटांवर वायरचं आवरण किंचित फुगलेलं दिसलं. अंगठ्याने दाबलं तर आत वाळूसारखी करकर लागली. तिथे ब्लेडने चीर दिली आणि हिरवी पूड तळहातावर सांडली. पूड झटकल्यावर आत धड अशा तीनच तारा उरल्या होत्या. त्या तीन तारांवर मल्टिमीटर समाधानी होता, दिवे नव्हते. तेव्हापासून मी अर्थिंग तपासताना २१ वॅटचा बल्ब जोडून भार दिल्याशिवाय कुठलाच आकडा खरा मानत नाही.

तुम्ही लिहिलंय की वर्षभरापूर्वी गिअरबॉक्स उतरवला होता. यावर जरा थांबा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, केबिनही रबरावर. म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते, आणि बऱ्याच गाड्यांत ती गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगच्या (इंजिनला जोडणाऱ्या कवचाच्या) एखाद्या बोल्टखाली असते. गिअरबॉक्स चढवताना ती पट्टी लोंबत राहते किंवा तशीच फेकली जाते. मग स्टार्टरचा करंट जी सापडेल त्या वाटेने परत येतो: ॲक्सिलरेटरची केबल, हँडब्रेकची केबल, कधी स्पीडोमीटरची. स्टार्ट मारल्यावर यातली एखादी केबल हाताला गरम लागली तर ती पट्टी गेलीय असं समजा. मोजायचं असेल तर एक टोक ब्लॉकला, एक चासीला लावा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर पट्टी बदला. तुमचे पुढचे दिवे चांगले असतील आणि फक्त मागचेच मंद असतील तर ही पट्टी बहुधा निर्दोष आहे आणि मागचा बोल्टच गुन्हेगार आहे. पण पाच मिनिटांचं काम आहे, सोडू नका.

मागचा बोल्ट दुरुस्त करताना नुसता आवळून भागत नाही. खोला, चासीवर लगपेक्षा थोडी मोठी जागा पांढरी होईपर्यंत घासा, रंग आणि गंज दोन्ही जाऊ द्या. लग नवं घाला. लग आणि चासीच्या मध्ये दातेरी वायसर ठेवा, त्याचे दात धातूत रुततात. घट्ट आवळा आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावा. रंग आधी आणि बोल्ट नंतर असं कधीही करायचं नाही. दिव्यांच्या अर्थिंगला २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या. बारीक वायरने दिवा लागेल, पण लांबीमुळे व्होल्ट पडतील: १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स १० मीटरला जवळपास ०.१८ ओहम असतो, साडेतीन अँपिअरला ०.६ व्होल्ट तिथेच गेले. २.५ची वायर घेतली तर तेच पाव व्होल्टवर येतं.

आणि टँक युनिटची अर्थिंग दिव्यांपासून वेगळी करा. हा माझा ठाम आग्रह आहे. कारखान्यातून सामाईक आली असली तरी जुन्या गाडीत ती तशी ठेवू नये. गेजचा करंट अगदी थोडा असतो, त्याला १ चौरस मिलिमीटरची वायर भरपूर होते. ती टँक युनिटच्या बॉडीपासून थेट बॅटरीजवळच्या मुख्य अर्थिंगला न्या. पुढे कधी मागचा बोल्ट पुन्हा गंजला तर दिवे मंद होतील, पण काटा खोटं बोलणार नाही आणि तुम्ही रस्त्यात अडकणार नाही.

पक्की वायर टाकण्याआधी तात्पुरती टाकून पाहा. टाकीजवळ काम आहे, म्हणून क्रम पाळा: आधी वायरचं एक टोक टँक युनिटच्या बॉडीला घट्ट बांधा, मग दुसरं टोक दूर, बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ठिणगी उडालीच तर ती टाकीपासून लांब उडेल. आता दिवे लावा, रिव्हर्स टाका. काटा जागचा हलला नाही तर निदान पक्कं झालं.

टाकीबद्दल सावधगिरीचं आणखी थोडं. टँक युनिट खोलण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. तुमची गाडी डिझेलची आहे म्हणून धोका कमी, पण पेट्रोलची असेल तर अर्धी रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त घातक, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. आणि कुठल्याही गाडीत टँक युनिटच्या टर्मिनलला बॅटरीचा पॉझिटिव्ह लावून ‘चालतं का’ ते बघू नका. आतली रेझिस्टन्सची बारीक तार जळते, आणि ती इंधनाच्या टाकीत जळते.

नवं टँक युनिट घातलंय, म्हणून ते बरोबर आहे असं धरू नका. आधी त्याची वायर काढा, मग टर्मिनल आणि बॉडीच्या मध्ये ओहम मोजा. युरोपीय पद्धतीच्या गाड्यांत रिकामीला १० आणि भरलेलीला १८० ओहम ही जोडी सर्रास असते. काही अमेरिकी गाड्यांत रिकामीला ० आणि भरलेलीला ९०. जुन्या फोर्डमध्ये उलट, रिकामीला ७३ आणि भरलेलीला १०. बाजारात सुट्या मिळणाऱ्या काही गेजना रिकामीला २४० आणि भरलेलीला ३३ लागतात. गेज एका जोडीचं आणि युनिट दुसऱ्या जोडीचं असेल तर काटा कधीच खरं दाखवणार नाही, वायरिंग सोन्याचं केलं तरी. उलट जातीच्या गेजमध्ये खराब अर्थिंगमुळे काटा ‘फुल’कडे न जाता रिकामीकडे पडतो, हेही ध्यानात ठेवा. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा अनुभव ऐकताना आधी त्याची ओहमची जोडी विचारावी.

जुनं युनिट फेकलं नसेल तर तेही तपासा, बहुधा ते चांगलंच होतं. बाहेर टेबलावर ठेवून फ्लोटची दांडी हाताने अगदी सावकाश वर न्या. ओहम सलग चढले पाहिजेत, मध्येच गायब होता कामा नयेत. जिथे तार झिजते तिथे आकडा क्षणभर उडतो, आणि झीज साधारण त्याच पट्ट्यात असते जिथे गाडीचा फ्लोट सर्वाधिक वेळ तरंगतो. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत डुचमळलं तर भोक पडून डिझेल आत शिरलंय, तो बुडणार आणि काटा रिकामीवर राहणार. अशा फ्लोटला कथलाचा डाग (सोल्डर) मारायला ज्योत लावू नका, बदला. प्लॅस्टिकचे फ्लोट इंधन पिऊन जड होतात, ते डोळ्यांना कळत नाही. बादलीत डिझेल घेऊन त्यात सोडून बघायचे.

युनिट बसवताना एक गोष्ट हमखास चुकते. खालचं रबरी किंवा कॉर्कचं पॅकिंग वीज वाहत नाही. वरून सीलंट लावला, स्क्रूवर रंग मारला की युनिटची बॉडी टाकीपासून तुटते. पुढे टाकीसुद्धा रबरी पट्ट्यांवर बसलेली असते, तिच्या पट्ट्याखालीही रबर असतं. मग युनिटला अर्थिंग मिळणार कुठून? जुन्या गाड्यांत ते गंजलेल्या पट्ट्यातून कसंबसं मिळत असतं. तुम्ही युनिट बदलताना पॅकिंग नवं घातलं असेल तर काटा त्यानंतर अधिकच बिघडू शकतो. वर सांगितलेली स्वतंत्र वायर हा प्रश्नही सोडवते.

एवढं करूनही काटा चुकत असेल तरच डॅशबोर्डकडे वळा. युनिटकडून येणारी वायर काढून तिथे १० ओहमचा रेझिस्टर लावा आणि दुसरं टोक चांगल्या अर्थिंगला द्या. मग १८०चा लावा. काटा एकदा एका टोकाला आणि एकदा दुसऱ्या टोकाला गेला तर गेज आणि तिथपर्यंतची वायर दोन्ही ठणठणीत. नुसती वायर अर्थिंगला टेकवूनही बरेच जण बघतात. क्षणभर चालतं, पण काही जुनी गेज त्याने तापतात, म्हणून मी रेझिस्टरच वापरतो. गेजचा प्रकार ओळखणं सोपं आहे. किल्ली ऑन केल्यावर काटा झटकन जागेवर गेला तर ते कॉइलचं. सावकाश, दमादमाने चढला तर आत तापणारी द्विधातूची पट्टी आहे. पट्टीच्या गेजमागे एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, ब्रिटिश पद्धतीत सरासरी १० व्होल्टचा, जुन्या अमेरिकी गाड्यांत सरासरी ५ व्होल्टचा. तो चालू-बंद होत सरासरी राखतो, त्यामुळे डिजिटल मल्टिमीटरवर आकडा नाचतो. तो नाचणं हे बिघाडाचं लक्षण नाही. डिझेल आणि इंजिनचं तापमान हे दोन्ही काटे एकाच वेळी वर वर दाखवत असतील तर स्टॅबिलायझर गेलाय, किंवा त्याच्या बॉडीची अर्थिंग सुटलीय. तुम्ही तापमानाबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून मी तिकडे जात नाही.

आता रिव्हर्सचे दिवे कधी लागतात, कधी लागत नाहीत त्याबद्दल. गिअरबॉक्सवर दोन वायरी लागलेला स्विच शोधा. दोन्ही वायरी काढून फ्यूज बसवलेल्या तुकड्याने एकमेकींना जोडा. किल्ली ऑन असताना दिवे दरवेळी लागले तर पुढचं-मागचं वायरिंग बरोबर, बिघाड स्विचमध्ये किंवा त्याला दाबणाऱ्या भागात. तसेही लागले नाहीत तर येणाऱ्या वायरवर व्होल्ट आहेत का बघा. नसतील तर फ्यूजकडे जा, आणि फ्यूज बघताना त्याच्या पकडीही बघा, त्या काळ्या पडून सैल होतात. व्होल्ट असतील तर स्विचपासून मागे जाणारी वायर तुटलीय.

स्विच खोलताना खाली भांडं धरा, गिअरबॉक्सचं ऑइल येऊ शकतं. भोकात तात्पुरती कापडाची बोळी नको, एखादा बोल्ट लावा. धागा आत गेला तर वाईट. मल्टिमीटर लावून स्विचची गोळी किंवा पिन टेबलावर दहा-वीस वेळा दाबा. दरवेळी ०.५ ओहमच्या आत यायला हवं. स्विच बाहेर चांगला आणि आत बसवल्यावर लागत नसेल तर खालचं वायसर बघा. मूळचं पातळ तांब्याचं एक वायसर असतं. ऑइल झिरपतं म्हणून कोणी दोन घातली की स्विच तेवढा वर उचलला जातो आणि आतली दांडी पिनपर्यंत जेमतेम पोचते. लिव्हर जोरात ओढला की दिवे लागतात, सहज टाकला की नाही. गिअरबॉक्स उतरवल्यानंतर ही तक्रार सुरू झाली असेल तर मी सगळ्यात आधी वायसर मोजेन.

स्विच ते चासी हा वायरचा तुकडा हलणारा आहे, कारण गिअरबॉक्स हलतो. केबिन उचलली जाणारी असेल तर बिजागराजवळचा वाकही असाच. तिथे आवरण शाबूत राहून आतली तार तुटते. वायर दोन हातांत धरून हळूच ताणा: जिथे तार तुटलीय तिथे आवरण रबरासारखं लांबतं, धड वायर लांबत नाही. तो तुकडाच नवा घाला, थोडी सैल जागा सोडून.

रंगांवर किती विसंबायचं? ब्रिटिश पद्धतीच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे अर्थिंग, हिरवी म्हणजे किल्लीनंतरचा फ्यूजमधून आलेला पुरवठा, हिरवीवर काळी रेघ म्हणजे टँक युनिट, हिरवीवर तपकिरी रेघ म्हणजे रिव्हर्स. जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजे अर्थिंग. पण जुन्या ट्रकला मधल्या काळात कोणीतरी हाती लागली ती वायर जोडलेली असतेच. रंग फक्त सुरुवातीला दिशा दाखवायला, प्रत्येक वायर मल्टिमीटरने दोन्ही टोकांना पक्की करूनच कापायची.

जोड देताना पिळून टेप गुंडाळू नका. टेपच्या आत पाणी शिरतं आणि तिथेच राहतं. ट्रकच्या खालच्या बाजूला मी डागही टाळतो: कथील वायरच्या तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि जिथे कडकपणा संपतो नेमकी तिथे वायर हादऱ्याने मोडते. चांगल्या पक्कडीने दाबलेला क्रिम्प (तारांवर आवळलेली धातूची नळी) आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, हा जोड सगळ्यात जास्त टिकतो. स्लीव्ह तापवल्यावर दोन्ही टोकांना गोंदाचा थेंब बाहेर आला पाहिजे, तो दिसला नाही तर पुन्हा तापवा. सिलिकॉन वापरायचंच असेल तर वास घेऊन घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते वाळताना आम्ल सोडतं आणि तांबं खातं. दिव्याच्या मागे असं सिलिकॉन भरून ठेवलेली कितीतरी होल्डर मी आतून हिरवीगार झालेली काढली आहेत.

सगळं झाल्यावर एकदा पूर्ण भार देऊन बघा: इंजिन चालू, पार्किंग आणि हेडलाइट लागलेले, ब्रेक दाबलेला, इंडिकेटर चालू आणि रिव्हर्स टाकलेला. दोघं हवेत, एक केबिनमध्ये काट्यावर डोळा ठेवून आणि दुसरा मागे पण गाडीच्या वाटेतून बाजूला. काटा केसभरही हलता कामा नये. मग पुढच्या वेळी टाकी जवळपास रिकामी असताना डिझेल मोजून वीस-वीस लिटर भरा, दरवेळी दोन मिनिटं थांबून काटा कुठे उभा राहतो ते एका कागदावर लिहा आणि तो कागद केबिनमध्ये चिकटवून ठेवा. टाकीचा आकार चौकोनी नसेल तर काट्याचा ‘अर्धा’ म्हणजे निम्मी टाकी नसते, आणि तुमच्या टाकीत तो नेमका किती लिटरला येतो हे त्या कागदावरूनच कळेल. होल्डरवरचे आणि चासीवरचे व्होल्ट मोजून झाले की मला आकडे कळवा, म्हणजे वायर नेमकी कुठून कुठे न्यायची ते सांगतो.